प्रकटीकरण सगळ्यात शेवटी: न्याय आणि शेवटचा काळ यांविषयीचे बायबलमधले उतारे कसे वाचावेत

शेवटच्या काळाविषयी कुतूहल वाटले की बहुतेक जण थेट प्रकटीकरण, म्हणजे बायबलचे शेवटचे पुस्तक, उघडतात. पहिले तीन अध्याय बरे जातात. चौथ्यात अंगभर डोळे असलेले चार प्राणी भेटतात, सहाव्यात घोडे, नवव्यात विंचवासारख्या शेपट्यांचे टोळ. तेराव्या अध्यायापर्यंत पोचेस्तोवर वाचणारा एकतर पुस्तक मिटतो, नाहीतर तिथल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याचा अर्थ इंटरनेटवर शोधायला बसतो. दोन्हींमागे कारण एकच. प्रकटीकरणाच्या पानापानावर जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग) घुमतो आहे, पण 'असे लिहिले आहे' असे सांगून दिलेला सरळ उतारा त्यात एकही नाही. ऐकणाऱ्यांना निर्गम, यशया, यहेज्केल, दानीएल आणि जखऱ्या तोंडपाठ आहेत असे धरूनच लेखक बोलतो. आपल्याला ते पाठ नसतात, म्हणून त्याची चित्रे कोडी वाटू लागतात.

तेव्हा क्रम उलटा करायचा. चित्रे जिथे जन्मली तिथून सुरुवात करून प्रकटीकरणाला शेवटी यायचे. श्रद्धा असो वा नसो, हा क्रम दोघांनाही चालतो.

तयारी

संदर्भांचे बायबल घ्या, म्हणजे ज्यात वचनांच्या बाजूला किंवा तळाला इतर वचनांचे आकडे दिलेले असतात. जमले तर दुसरे एखादे भाषांतर जवळ असू द्या, आणि एक वही. रोज अर्धा तास दिलात तर पाच-सहा आठवड्यांत सगळा क्रम पुरा होतो.

वहीच्या पानावर चार रकाने आखा: उतारा, कोण कोणाशी बोलतो आहे, कोणते चित्र दिसते, आणि ते चित्र याआधी कुठे आले आहे. कडेला पाचवा अरुंद रकाना ठेवा: मजकूर स्वतःच अर्थ सांगतो का? हा रकाना बराच काळ रिकामा राहील, पण जिथे भरेल तिथे तर्काला जागा उरत नाही. प्रकटीकरणातच अशी बरीच ठिकाणे आहेत. सात समया म्हणजे सात मंडळ्या, अर्थात ख्रिस्ती समुदाय (१:२०, म्हणजे अध्याय १, वचन २०), धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना (५:८), अजगर म्हणजे सैतान (१२:९), जलप्रवाह म्हणजे लोकसमुदाय (१७:१५), ती स्त्री म्हणजे राजांवर सत्ता चालवणारे मोठे नगर (१७:१८). लेखकाने किल्ली हातात दिलेली असताना कुलूप फोडत बसण्यात अर्थ नाही.

एक छोटी सूचना. सगळ्या आवृत्त्यांत अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. दानीएलाचे पुस्तक प्रोटेस्टंट बायबलात १२ अध्यायांचे आहे, कॅथलिक बायबलात १४. योएल आणि मलाखी यांच्या अध्यायांची विभागणीही काही आवृत्त्यांत वेगळी असते. संदर्भ सापडला नाही तर शेजारचा अध्याय पाहा. टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तके) आणि व्हिडिओ मात्र पहिली फेरी संपेपर्यंत लांब ठेवा. दुसऱ्याचा आराखडा आधी डोक्यात बसला की मजकूर दिसेनासा होतो.

पहिली पायरी: 'परमेश्वराचा दिवस'

तीन-चार दिवस संदेष्ट्यांसाठी ठेवा. सुरुवात आमोस ५:१८-२० पासून करा. इसवी सनपूर्व आठव्या शतकातले इस्राएली लोक या दिवसाची वाट पाहत होते, कारण त्या दिवशी शत्रूंचा नाश होणार अशी त्यांची खात्री होती. आमोस त्यांना सांगतो की तो दिवस उजेड नाही, अंधार आहे. माणूस सिंहापासून पळतो तर अस्वल गाठते, घरात शिरून भिंतीवर हात टेकतो तर साप चावतो. न्यायाची सुरुवात स्वतःला देवाचे म्हणवणाऱ्यांपासून होते, हा धागा इथून थेट १ पेत्र ४:१७ पर्यंत जातो. तो हातात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग यशया १३. पहिल्याच ओळीत विषय दिला आहे: बाबेल, म्हणजे बॅबिलोन. दहाव्या वचनात तारे प्रकाश देईनासे होतात, सूर्य उगवतानाच काळवंडतो. सतराव्यात मेदी लोकांचे नाव येते. बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाच्या हाती पडले आणि आकाशातला सूर्य होता तिथेच राहिला. यहेज्केल ३२:७-८ मध्ये हीच भाषा मिसरच्या (इजिप्तच्या) फारोसाठी येते. म्हणजे राज्य कोसळते तेव्हा आकाश कोसळल्याचे चित्र उभे करणे ही संदेष्ट्यांची ठरलेली बोली होती. हे कळले नाही तर पुढे प्रत्येक चंद्रग्रहण 'चिन्ह' वाटू लागते.

पण यावरून सगळेच अलंकारिक आहे असाही निष्कर्ष काढू नका. यशया २४ ते २७ वाचा. तिथे कोसळणाऱ्या नगराचे नाव दिलेले नाही, न्याय सगळ्या पृथ्वीचा आहे. मृत्यू कायमचा गिळला जातो (२५:८) आणि मेलेले जिवंत होतात (२६:१९). एकच भाषा दोन मापांवर चालते. म्हणून वहीत प्रत्येक उताऱ्यापुढे लिहा: 'एक नगर' की 'सगळे जग'. काही ठिकाणी दोन्ही लिहावे लागेल. योएल २ हा त्यातला नामी नमुना आहे. टोळधाडीपासून सुरू झालेले पुस्तक रक्तासारख्या चंद्रापर्यंत जाते, आणि येशूचा शिष्य पेत्र पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) उभा राहून हाच उतारा वाचतो व 'हे तेच आहे' म्हणतो (प्रेषितांची कृत्ये २:१६-२१).

दुसरी पायरी: दानीएल

इथे आठवडाभर थांबा. घाई केलीत तर पुढचे काहीही नीट लागणार नाही.

दुसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वप्नातला पुतळा आहे: सोन्याचे डोके, रुप्याची छाती, पितळेचे पोट आणि मांड्या, लोखंडाचे पाय, पावले लोखंड आणि मातीची. हात न लावता सुटलेला एक दगड पावलांवर आदळतो आणि सगळा पुतळा भुसा होतो. सातव्या अध्यायात तोच इतिहास आतून दिसतो, म्हणजे राजाला जे झळाळते धातू दिसले ते दानीएलाला हिंस्र प्राणी दिसतात: सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, आणि दहा शिंगांचे चौथे निनावी श्वापद. आता वहीत डोकी मोजा. एक, एक, चार, एक: सात. प्रकटीकरण १३ मध्ये समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाला सात डोकी आणि दहा शिंगे आहेत, ते चित्त्यासारखे आहे, पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचे. प्रकटीकरणाचा लेखक योहान याने दानीएलाची चारही श्वापदे एकात मिसळली आहेत. ही एक नोंद स्वतःच्या हाताने झाली की प्रकटीकरण कसे लिहिले गेले ते उमगते.

आठव्या अध्यायात अर्थ लावायचे कामच नाही. दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, हे देवदूतच सांगतो (८:२०-२१). पाचवा रकाना भरा. बोकडाच्या मोडलेल्या शिंगाजागी उगवलेल्या चारांपैकी एकातून निघालेले लहान शिंग नित्याचे अर्पण बंद पाडते. बहुतेक अभ्यासक याचा संबंध अंतियोख एपिफानेस या राजाशी लावतात, ज्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. सातव्या अध्यायातले चौथे श्वापद म्हणजे कोणते राज्य यावर मात्र दोन तट आहेत. परंपरेने ते रोम. मेदी आणि पारसी यांना वेगळे मोजणाऱ्यांच्या मते ते ग्रीक राज्य. पुस्तक कधी लिहिले गेले यावरही असेच मतभेद आहेत: परंपरा इ.स.पू. सहावे शतक सांगते, आजचे पुष्कळ अभ्यासक अंतियोखाचाच काळ. दोन्ही मते वहीत नोंदवा आणि पुढे चला.

सातव्या अध्यायातून दोन चित्रे वेगळी काढून ठेवा. पहिले, पुराणपुरुष, म्हणजे देव, आसनावर बसतो आणि पुस्तके उघडली जातात (७:९-१०). दुसरे, मनुष्याच्या पुत्रासारखा कोणीएक मेघांवर येतो आणि त्याला सर्वकाळचे राज्य मिळते (७:१३-१४). येशू प्रमुख याजकापुढे स्वतःविषयी बोलताना हेच वाक्य वापरतो (मार्क १४:६२).

आकड्यांचे एकच कोष्टक करा. 'एक काळ, दोन काळ व अर्धा काळ' म्हणजे साडेतीन वर्षे. महिना ३० दिवसांचा धरला तर ४२ महिने, म्हणजे १२६० दिवस. प्रकटीकरणात हा एकच अवधी या तिन्ही रूपांत येतो (११:२-३, १२:६, १२:१४, १३:५). सातचा अर्धा, म्हणजे अपुरा राहणारा, मर्यादा घातलेला छळाचा काळ. नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांचा हिशेब पहिल्या फेरीत सोडून द्या. तिथे पंडितांचेही एकमत नाही आणि नवख्याचे आठ दिवस सहज वाया जातात.

तिसरी पायरी: जैतुनांच्या डोंगरावरचे बोलणे

मार्क १३ आधी, मग मत्तय २४-२५, मग लूक २१. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. सुरुवातीचा प्रश्न अधोरेखित करा, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे येशू म्हणतो आणि शिष्य विचारतात, हे केव्हा होईल? मत्तयात त्याच दमात दुसरा प्रश्न जोडलेला आहे: तुझ्या येण्याचे आणि युगाच्या समाप्तीचे चिन्ह काय? मंदिर इ.स. ७० मध्ये सेनापती तीताच्या रोमी सैन्याने पाडले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून यायचे आहे असे बहुतेक मंडळ्या मानतात. उत्तर मात्र दोन्हींचे एकत्र गुंफलेले आहे.

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. यरुशलेमच्या पाडावाला लागू पडणारी वचने एका रंगात, शेवटाला लागू पडणारी दुसऱ्या रंगात. लूक २१:२० मधला सैन्याचा वेढा सहज पहिल्या रंगात जाईल. 'यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांत पळून जावे' हेही, कारण जगाचा शेवट होत असेल तर डोंगरात पळून उपयोग काय? मत्तय २४:२९ वर हात थबकेल. तिथे यशया १३ ची भाषा आली आहे, आणि ती दोन्ही मापांवर चालते हे पहिल्या पायरीत पाहिले. 'ही पिढी' (२४:३४) यावर रंग ठरवता आला नाही तर प्रश्नचिन्ह टाका. काही अभ्यासक ती येशूच्या ऐकणाऱ्यांची पिढी मानतात, काही शेवटची चिन्हे पाहणारी.

युद्धे, दुष्काळ, भूकंप यांच्या यादीशेजारी वचन काय म्हणते ते नीट वाचा: ही वेदनांची सुरुवात आहे, इतक्यात शेवट नाही (मार्क १३:७-८). हे वचन अर्धेच वाचले जाते. लढाई पेटली की लोक पहिला भाग सांगतात, 'इतक्यात शेवट नाही' गाळतात. आणि मार्क १३:३२ चौकटीत लिहा: तो दिवस वा घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही.

चौथी पायरी: पत्रे

दोन दिवस पुरतात. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ ते ५:११, २ थेस्सलनीकाकरांस २, १ करिंथकरांस १५, २ पेत्र ३, आणि योहानाची पत्रे. पहिल्या उताऱ्यात प्रेषित पौल मेलेल्यांसाठी रडणाऱ्यांचे सांत्वन करतो आहे. मेघांत उचलले जाण्याचे वचन (४:१७) त्या सांत्वनाचा भाग आहे, वेळापत्रकाचा नाही. दुसऱ्यात तो उलट्या टोकाला गेलेल्यांना आवरतो, कारण परमेश्वराचा दिवस येऊन ठेपलाच अशी आवई उठली होती. ख्रिस्तविरोधी हा शब्द प्रकटीकरणात कुठेही नाही. तो योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे 'पुष्कळ ख्रिस्तविरोधी' आधीच निघालेले आहेत (१ योहान २:१८). पौलाचा अधर्माचा पुरुष, योहानाचा ख्रिस्तविरोधी आणि प्रकटीकरणातले श्वापद हे तिघे एकच असे गृहीत धरले जाते. ते जोडणे वाचकाचे आहे. करायचे तर जाणूनबुजून करा.

पाचवी पायरी: प्रकटीकरण

२२ अध्याय, ४०४ वचने. मोठ्याने वाचायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. पहिल्यांदा ते एका बैठकीत, मोठ्याने, कुठेही न थांबता वाचा. १:३ मध्ये धन्य म्हटले आहे ते वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना. या वाचनात वही उघडायची नाही. कानाला काय लागते तेवढे पाहायचे: सात, सात, पुन्हा सात, राजासन, गाणी, 'कोकरा' (येशूसाठीचे चित्र).

दुसऱ्या वाचनात आराखडा काढा. योहान पात्म बेटावर आहे. प्रचलित मतानुसार काळ सम्राट दोमितियनाच्या कारकिर्दीचा शेवट, इ.स. ९५ च्या आसपास. काही जण तो नीरोच्या काळापर्यंत मागे नेतात. पत्र सात खऱ्या नगरांतल्या मंडळ्यांना आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. दुसरा-तिसरा अध्याय प्रस्तावना समजून ओलांडू नका. आमोसाचा धागा इथे परत येतो. मोहरबंद गुंडाळीचा एकही शिक्का फुटून जगावर संकट येण्याआधी मंडळ्यांची झाडाझडती होते, आणि सातांपैकी फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना बोल लावलेला नाही.

पाचव्या अध्यायात योहानाची एक लकब पकडा. त्याला सांगितले जाते की यहूदाचा सिंह विजयी झाला आहे. तो पाहतो तर समोर वध केलेला कोकरा. सातव्यातही तेच. कानावर १,४४,००० हा आकडा पडतो (१२ गुणिले १२ गुणिले १०००), डोळ्यांना दिसतो कोणालाही मोजता न येणारा समुदाय. ऐकलेले आणि पाहिलेले एकमेकांचा अर्थ उलगडतात. हे सुटले की लोक १,४४,००० मध्ये आपला नंबर लागतो का याची चिंता करत बसतात.

मग शिक्के (अध्याय ६ ते ८:१), कर्णे (८ ते ११) आणि देवाच्या क्रोधाच्या वाट्या (१६). तिन्ही सातांची कोष्टके शेजारी शेजारी मांडा. चौथ्या शिक्क्याला पृथ्वीच्या चौथ्या हिश्शावर अधिकार मिळतो, कर्ण्यांना तिसरा हिस्सा, वाट्यांना काहीच उरत नाही. कर्णे आणि वाट्यांशेजारी निर्गम ७ ते १० उघडा: रक्त झालेले पाणी, गळवे, गारा, टोळ, अंधार, बेडूक. मिसरातल्या पीडाच पुन्हा येत आहेत, आणि फारोसारखीच माणसेही वळत नाहीत (९:२०-२१, १६:९).

या घटना एकामागोमाग एक घडतात का? कोष्टक नीट पाहा. सहाव्या शिक्क्याला आकाश गुंडाळले जाते, तारे पृथ्वीवर पडतात (६:१३-१४). तरी चौथ्या कर्ण्याला ताऱ्यांचा तिसरा हिस्सा काळवंडायला आकाशात शिल्लक आहे (८:१२). म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की एकच घटना तीन कॅमेऱ्यांतून, दर वेळी जास्त जवळून दाखवली आहे. सरळ क्रम मानणारे उत्तर देतात की सातव्या शिक्क्यातूनच कर्णे निघतात, त्यामुळे ते शिक्क्यांच्या नंतरचेच. वहीत दोन्ही बाजूंची वचने असू द्या.

न्यायाचे हे भाग वाचताना अनेकांना नुसते क्रौर्य दिसते. त्याचे एक कारण असे की ६:९-११ घाईत वाचले जाते. वेदीखालचे मारले गेलेले लोक विचारतात, 'कुठवर?' पुढचे सगळे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. अठराव्या अध्यायात 'बाबेल' म्हटलेल्या त्या मोठ्या नगराशी व्यापार करणाऱ्यांच्या मालाची यादी आहे: सोन्यापासून सुरू होते, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरे, घोडे करत शेवटी माणसांच्या जिवांपर्यंत येते (१८:१२-१३). ही यादी वहीत हाताने उतरवून काढा. सात टेकड्यांवर बसलेले ते नगर (१७:९) पहिल्या ऐकणाऱ्यांना रोमच वाटले असणार, आणि त्याच्यावर आरोप काय आहे ते त्या यादीच्या क्रमातच सांगितले आहे.

६६६ साठी एक संध्याकाळ पुरे. इब्री (हिब्रू) लिपीत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'नेरोन कैसर' (सम्राट नीरो) हे नाव त्या लिपीत लिहिले तर बेरीज होते ५०+२००+६+५०+१००+६०+२०० = ६६६. शेवटचा 'न' गाळून 'नेरो' लिहिले तर ५० कमी होऊन ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच आकडा आहे. हा योगायोग नसावा असे पुष्कळांना वाटते. सगळ्यांना हे पटत नाही, पण ६६६ ला बारकोड आणि लशींशी जोडणाऱ्या दाव्यांपेक्षा हा पाया कितीतरी पक्का आहे. पद्धतीतला धोकाही ओळखा: स्पेलिंग आणि भाषा आपल्या सोयीने निवडली तर कोणाच्याही नावाचे ६६६ करता येते.

शेवटच्या लढाईचे ठिकाण मानल्या जाणाऱ्या हर्मगिदोनचे नाव बायबलात एकदाच येते (१६:१६), आणि तिथे लढाईचे वर्णन नाही, सैन्ये जमतात एवढेच. एकोणिसाव्या अध्यायात घोड्यावरच्या स्वाराचा झगा लढाईआधीच रक्तात भिजलेला आहे आणि तलवार त्याच्या तोंडातून निघते. यशया ६३:१-३ शेजारी ठेवून वाचा आणि हे रक्त कोणाचे, शत्रूंचे की त्याचे स्वतःचे, हा प्रश्न वहीत मोकळा ठेवा.

सहावी पायरी: न्यायासनासमोरचे उतारे एकत्र

मत्तय २५:३१-४६, योहान ५:२४-२९, रोमकरांस २:६, १ करिंथकरांस ३:१२-१५, २ करिंथकरांस ५:१०, प्रकटीकरण २०:११-१५. दोन रकाने करा: न्याय कशावरून होतो, आणि माणूस वाचतो कशाने. मत्तयात भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला या सहांशी कसे वागलात ते विचारले जाते, आणि उत्तर ऐकून मेंढरे व शेरडे दोन्ही बाजू चकित होतात. योहानात विश्वास ठेवणारा न्यायात येतच नाही. पौल सगळ्यांना न्यायासनापुढे उभे करतो, पण एखाद्याचे काम जळून जाईल तरी तो स्वतः वाचेल असेही म्हणतो. प्रकटीकरणात कृत्यांची पुस्तके आहेत आणि त्यांहून वेगळे जीवनाचे पुस्तकही आहे. कृपा आणि कृत्ये यांवरचा मंडळ्यांमधला जुना वाद याच दोन रकान्यांतला आहे. एक रकाना भरून दुसरा कोरा ठेवणारा कोणताही सारांश अपुरा समजा. शिक्षा सगळ्यांना सारखी नाही हेही नोंदवा: लूक १२:४७-४८ मध्ये फटके थोडे आणि पुष्कळ असतात.

'नरक' म्हणून जे एकत्र समजले जाते ते मजकुरात मुख्यतः तीन वेगवेगळ्या नावांनी येते. अधोलोक म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण. हिन्नोमाचे खोरे हे यरुशलेमलगतचे खरे खोरे, जिथे मुलांचे होम केले जात (यिर्मया ७:३१), आणि येशूचे इशारे त्या नावाने आहेत. अग्निसरोवर फक्त प्रकटीकरणात आहे, आणि त्यात शेवटी मृत्यू आणि अधोलोकच टाकले जातात (२०:१४). अनंतकाळची शिक्षा, कायमचा नाश, की अखेर सर्वांचा उद्धार? ख्रिस्ती परंपरेतले बहुमत पहिल्याकडे आहे. दुसऱ्या मताला 'दुसरे मरण' हा शब्दप्रयोग आधाराला मिळतो. तिसरे मत तिसऱ्या शतकातल्या धर्मपंडित ओरिगेनापासून अल्पमतात राहिले आहे.

हजार वर्षांवरून पडलेले गट

हजार वर्षांचे राज्य केवळ प्रकटीकरण २० मध्ये आहे, तेही मोजक्या वचनांत, तरी त्यावरून पंथांना नावे पडली. ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षे, असे दुसऱ्या शतकातले धर्मशिक्षक जस्टिन आणि इरेनियस मानत. धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकात मांडले की ही हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळ; कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या त्याच वाटेने जातात. तिसरे मत असे की सुवार्तेने जग हळूहळू बदलेल आणि ख्रिस्त त्यानंतर येईल. मोठ्या संकटाआधी विश्वासणाऱ्यांना गुपचूप उचलले जाईल ही मांडणी १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकामुळे पसरली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलाने घरोघर पोचवली. ऑनलाइन दिसणारे बहुतेक तक्ते याच मांडणीचे असतात, पण तसे त्यांच्यावर लिहिलेले नसते.

कोणी तारीख सांगितली तर

विल्यम मिलर या अमेरिकी उपदेशकाचा हिशेब तपासून पाहा, शिकण्यासारखा आहे. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे धरायची, सुरुवात इ.स.पू. ४५७ पासून, आणि शून्य वर्ष नसल्याने उत्तर १८४४. मिलरच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. हजारो लोक वाट पाहत राहिले आणि दुसरा दिवस उजाडला. बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. चुकली ती गृहीतके. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ सांगितला, तो टळल्यावर २१ ऑक्टोबर.

असा दावा समोर आला की चार गोष्टी तपासा. दिवसाचे वर्ष कोणत्या वचनावरून केले, आणि तोच नियम त्याच पुस्तकातल्या इतर आकड्यांना लावला आहे का? मोजणीची सुरुवात आधी ठरवली की उत्तर पाहून? ज्या वचनावर सगळा डोलारा आहे त्याच्या आधीची आणि नंतरची दहा वचने दाखवली आहेत का? आणि मार्क १३:३२ चे काय केले? चौथ्यावर बहुधा असे उत्तर येते: 'दिवस आणि घटका कळत नाही, पण वर्ष कळते.' हे ऐकले की प्रेषितांची कृत्ये १:७ काढून पुढे ठेवा. तिथे काळ आणि समय दोन्ही आले आहेत.

शेवटचे दोन अध्याय दमलेल्या डोळ्यांनी वाचू नका

विसाव्या अध्यायापर्यंत येताना माणूस थकतो आणि एकविसावा-बाविसावा उरकून टाकतो. त्यांच्यासाठी ताजा दिवस ठेवा. आधी १ राजे ६:२० वाचा: मंदिराचे परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच. मग प्रकटीकरण २१:१६: नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे दोन हजार किलोमीटरांहून अधिक. घनाकार नगर म्हणजे वेडेवाकडे वास्तुशास्त्र नव्हे. जिथे वर्षातून एकदाच एकटा प्रमुख याजक जात असे ती खोली आता सगळ्यांना राहण्याएवढी झाली आहे. म्हणूनच पुढे लगेच, २१:२२ मध्ये, त्या नगरात मंदिर नाही. नगर खाली उतरते, माणसे वर जात नाहीत, हेही टिपा. त्याच्याबरोबर यहेज्केल ४७:१-१२ आणि उत्पत्ती २-३ वाचा, आणि नदी, झाड, पाने, शाप या चार चित्रांपुढे चौथ्या रकान्यातले संदर्भ भरा.

दुसरी फेरी करायची तर ती इथूनच, २१-२२ पासून मागे सुरू करा. सत्तर सप्तके, यहेज्केल ३८-३९ मधला गोग नावाचा शत्रू आणि जखऱ्या १२-१४ हे पहिल्या फेरीत बाजूला ठेवलेले भाग तेव्हा घ्या. टीकाग्रंथही तेव्हाच, आणि निदान दोन वेगळ्या मतांचे.